‘प्रेक्षक, चार’

गुरुवार, १२ मार्च. दूध सातला. गॅसची नळी बदलून घेतली. दुपारी दीडला भिंगरी आला, फरशी पॉलिशचं मशीन टेम्पोत घालून. पुढच्या खोलीची फरशी करून दिली. मशीन विकत घेणारा माणूस पाचला इथूनच घेऊन गेला. चहा दोनदा. भिंगरीच्या खुब्याचं दुखणं तसंच. म्हणाला, दादानं एकदा तरी बघायला हवं होतं.

एवढं लिहून मी डायरी मिटली होती. पण हे प्रकरण एवढ्यात मिटणारं नाही, म्हणून वेगळे कागद घेतले.

भिंगरी म्हणजे माझा धाकटा दीर. वय एकसष्ट. हे नाव त्याला माझ्या सासूबाईंनी ठेवलं, कारण लहानपणी तो आंघोळ झाल्यावर टॉवेलनं अंग पुसायच्या ऐवजी मोरीच्या दारात गरगर फिरून वाळायचा. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा तो बारा वर्षांचा होता. सासूबाई जाऊन वर्ष झालं होतं, सासरे त्याआधीच गेले होते. आई-बाप म्हणून त्याच्या वाट्याला आम्ही दोघं आलो. मी एकवीस वर्षांची, सिस्टर लोकांच्या शाळेतून इंग्रजी बोलायला, रेषेवर लिहायला आणि रोजची डायरी ठेवायला शिकून आलेली. हे अठ्ठावीसचे, पाणीखात्यात व्हॉल्व्हवर.

व्हॉल्व्हवरचं काम म्हणजे खांद्याएवढी लोखंडी किल्ली घेऊन सायकलवरून फिरायचं, रस्त्यातल्या खड्ड्यांची झाकणं उचलायची आणि ठरल्या वेळी एकेका भागाचं पाणी सोडायचं, ठरल्या वेळी बंद करायचं. ह्यांच्याकडे पाच व्हॉल्व्ह होते. तीन नंबरच्या व्हॉल्व्हवर आमची गल्ली होती. संध्याकाळी सहाला पाणी, पावणेसातला बंद. ह्यांच्या बाबतीत घड्याळ चुकू शकलं असतं, पाणी नाही. मी डायरीत रोज पाण्याची वेळ लिहायची, ती सवय अजून आहे. भिंगरी म्हणायचा, “वहिनी, तुम्ही दादाची हजेरी मांडता.”

दहावीनंतर तो फरशी पॉलिश करणाऱ्या कंत्राटदाराकडे लागला. आधी खरखरीत दगड, मग मऊ, मग आणखी मऊ, आणि सगळीकडे पाणी आणि पांढरा चिखल. संध्याकाळी घरी यायचा तो गुडघ्यापर्यंत पांढरा होऊन. फरशी नीट झाली की नाही हे बाकीचे कामगार हात फिरवून बघत. हा शर्ट काढून पाठीवर झोपायचा आणि पाय आखडून एक गिरकी घ्यायचा. जिथे अडकेल तिथे परत दगड. कंत्राटदार सगळ्यांना सांगायचा, “माझ्याकडे पाठीनं फरशी वाचणारा माणूस आहे.”

तो वीस वर्षांचा असताना आमच्याकडच्या थेटरात ते सिनेमे यायला लागले. नावं सांगून उपयोग नाही. दोन-तीन वर्षांत चार आले आणि चारही एकाच साच्यातून काढलेले. भर रस्त्यात पुठ्ठा अंथरून मुलं पाठीवर, डोक्यावर, हातावर फिरतात. पहिला सिनेमा तो एकटाच बघून आला आणि दुसऱ्या दिवशी माझ्यामागे लागला.

“वहिनी, चला ना. इंग्रजी आहे.”

“मग तू जा.”

“मला काय कळणार? च्युइंगम चघळत बोलतात ते.”

“आणि मला कळेल?”

“तुम्हाला सिस्टरनी शिकवलंय.”

सिस्टरनी मला हे शिकवलेलं नव्हतं. तरी गेले. दुपारचा खेळ, अर्ध्या खुर्च्या मोडक्या. मी त्याच्या कानात एकेक वाक्य सांगत होते. मागून एक गृहस्थ म्हणाले, “बाई, शिकवणी घरी घ्या.” भिंगरी वळून म्हणाला, “काका, फुकट आहे, तुम्ही पण ऐका.” त्यानंतर ते गृहस्थ खरंच पुढे झुकून ऐकायला लागले.

गोष्ट सांगायची तर एका श्वासात सांगून होते. गरीब मुलगा, श्रीमंत मुलगी. मुलगा रस्त्यावर नाचतो, मुलगी शिकवणीत नाचते. काळे कपडे घातलेली एक दुष्ट टोळी. मोडकळीला आलेला एक हॉल, तो कोणीतरी पाडणार. वडिलांचा विरोध. शेवटी स्पर्धा. स्पर्धा ऐन रंगात आलेली असताना मागचं दार उघडतं, दारात वडील उभे असतात, हातात टोपी. मुलगा त्यांना बघतो आणि जन्मात नाचला नसेल असा नाचतो. हॉल वाचतो.

मी आज सत्तर वर्षांची आहे. तेव्हाही हा सगळा बनाव मला कळत होता. त्या मुलांपैकी कोणी कामाला जाताना दिसत नाही. कोणाचं कोपर सोलवटत नाही. एका गाण्यात सहा महिन्यांचा सराव आटोपतो. मुलगी दर वेळी श्रीमंतच का, हे मला अजून समजलेलं नाही. तरी मी एक सिनेमा सात वेळा बघितला, हे डायरीत तारीखवार आहे. कारण त्यात एक गोष्ट होती जी मला आमच्या शाळेतल्या पियानोवरच्या नाचात कधी दिसली नव्हती. ती मुलं गोल करून उभी राहायची आणि एकेकाला मध्ये जागा द्यायची. त्याच्याकडे तोपर्यंत काहीही नसायचं, नाव नाही, चांगले बूट नाहीत, पण त्या गोलात उतरला की अर्धं मिनिट सगळी जमीन त्याची. समोरचा वैरी असला तरी तो हात उगारायचा नाही, आपली पाळी येईपर्यंत थांबायचा. भांडणाची इतकी सभ्य रीत मी दुसरीकडे बघितली नाही. आणि माझ्या शेजारी बसलेला मुलगा, ज्याला आयुष्यात कोणी अर्धं मिनिट जागा दिली नव्हती, खुर्चीचे हात घट्ट धरून बघत होता.

दुसऱ्या वेळी गेलो तेव्हा तो म्हणाला, “वहिनी, शेवटचा नाच लिहून घ्याल?”

आमच्या शाळेत कवायत लिहून घ्यायची पद्धत होती. कोणता पाय, कोणता हात, किती मोजेपर्यंत. मी पेन्सिल घेऊन बसले आणि अंधारात, पडद्यावरून नजर न काढता लिहिलं. ‘डावा पाय मागे, दोन. उजवा हात जमिनीवर, दोन. पाठीवर गिरकी, आठ.’ पुढच्या पाच खेळांत तपासून, खोडून, पक्कं केलं आणि रविवारी बसून नीट अक्षरात उतरवून त्याला दिलं. दोन पानं. मी कामात चुका ठेवत नाही असा तेव्हा माझा समज होता.

त्याचे तीन मित्र जमले. त्यांतला लंबू सुताराचा मुलगा होता, उंचीला आमच्या दारात वाकावं लागेल एवढा. जवळच एक नवा हॉल बांधून होत आला होता आणि त्याची फरशी भिंगरीनंच केली होती. कंत्राटदारानं सांगितलं, मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी कामगार गेल्यावर नाचा, पण जमिनीवर ओरखडा दिसला तर पाठीनं काढायला लावीन. ते हॉलचं गल्लीकडचं दार हवेसाठी उघडं ठेवून तालीम करायचे. मी कधी गेले नाही. संध्याकाळी पाणी भरायचं, स्वयंपाक करायचा, ती वेळ माझी नव्हती.

ह्यांना नाचाचा राग नव्हता, लोळण्याचा होता. “माणूस मूल असताना लोळतो, मग उभा राहतो,” हे म्हणायचे. “हा उलट निघालाय.” स्पर्धा नोव्हेंबरातल्या एका रविवारी होती, संध्याकाळी पाचला, एका शाळेच्या सभागृहात. महिनाभर आधी भिंगरीनं जेवताना विचारलं.

“दादा, स्पर्धेच्या रविवारी येशील?”

“ड्युटी आहे.”

“बदलून घे ना. एक दिवस.”

“कशाला?”

“सगळ्यांच्या घरचे येणार आहेत.”

“सगळ्यांच्या घरचे पाणी सोडत नाहीत,” हे म्हणाले. “सिनेमातल्या बापांना ड्युटी नसते रे. मला आहे.”

भिंगरी ताटावरून उठला. त्या दिवसापासून तो ह्यांच्याशी बोलेनासा झाला. भाजी हवी असली तरी मला सांगायचा, “वहिनी, त्यांना म्हणावं वाटी सरकवा.” हे समोर बसून वाटी सरकवायचे आणि मला म्हणायचे, “सरकवली म्हणावं.” मी मध्ये बसून दोघांचं टपाल खातं सांभाळत होते.

पण एकटा असला की तो मला सांगायचा, “बघा तुम्ही, दादा येणार. इतक्या जोरात नाही म्हणतो म्हणजे येणारच. नाही म्हणणाराच येतो शेवटी.”

“हे तुला कोणी सांगितलं?”

“चार सिनेमांत आलाय, वहिनी. एकदाही चुकलेला नाही.”

मी त्याला समजावायला हवं होतं. समजावलं नाही, कारण सातव्या खेळापर्यंत मलाही थोडं तसं वाटायला लागलं होतं.

स्पर्धेला मी दुसऱ्या रांगेत बसले. सहा गट होते, भिंगरीचा चौथा. कपाळाला बांधायच्या पट्ट्या मी शिवल्या होत्या. संगीत सुरू झालं आणि खरं सांगते, मला अभिमान वाटला. माझ्या दोन पानांतलं एकेक अक्षर चालत होतं. डावा पाय मागे, उजवा हात जमिनीवर. भिंगरीची पाठीवरची गिरकी अशी की माझ्या शेजारची बाई तोंडावर हात ठेवून बसली.

आणि मग चौघेही थांबले.

ताठ उभे राहिले, माना आमच्याकडे वळवल्या आणि पासपोर्टच्या फोटोसारखे बघत राहिले. संगीत चालूच. एक, दोन, तीन, चार. मग परत नाच सुरू.

माझे कान तापले. मला माझं पान दिसलं, माझ्याच अक्षरात. ‘प्रेक्षक, चार.’ सिनेमात त्या जागी टाळ्या वाजवणारी गर्दी दाखवतात, म्हणून मी पडद्यावर जे दिसलं ते प्रामाणिकपणे लिहिलं होतं. मुलांनी तेही प्रामाणिकपणे बसवलं होतं. लोक हसायला लागले. पानावर ती ओळ दोनदा होती, म्हणून ते पुन्हा एकदा थांबले. तिघं आमच्याकडे बघत होते. भिंगरी आमच्या डोक्यांवरून मागच्या दाराकडे बघत होता. दुसऱ्या वेळी मीही मान वळवून बघितलं. दारात शाळेचा शिपाई होता आणि आगीसाठी ठेवलेली वाळूची बादली.

सहांत पाचवे आले.

परत येताना मी त्याला सांगितलं, “चूक माझी. नाचणारे तिथे थांबत नाहीत. तिथे नुसती माणसं दाखवतात.”

तो रस्त्यात उभा राहिला. “म्हणजे तेव्हा ते नाचत असतात?”

“असणारच.”

“काय नाचत असतात?”

“ते दाखवत नाहीत.”

“मी उताणा फिरतो आणि मग उभा कसा होतो, तेही दाखवत नाहीत. शोधून शोधून थकलो मी.”

“नाही दाखवत.”

“मग तिकीट कशाचं घेतात, वहिनी?”

त्या सिनेमांवर इतकी नेमकी टीका मी नंतर कुठल्या वर्तमानपत्रात वाचली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे दाढी करत होते. आरशातूनच विचारलं, “ते मध्येच थांबतात तिथे लोक हसले का?”

“हसले,” मी म्हटलं.

“हं.” गालावरून वस्तरा फिरवून झाल्यावर म्हणाले, “उठताना गुडघ्याला हात लावतो, ते बरं दिसत नाही.”

मी दोन्ही वाक्यं डायरीत लिहिली. मला वाटलं, भिंगरीनं अबोला सोडून सगळं सांगितलं असेल. बरं झालं, म्हटलं.

नाच त्यानं सोडला असं नाही, तो सुटला. लंबू दुसरीकडे कामाला गेला. भिंगरीनं कर्ज न काढता, जुनं का होईना, स्वतःचं मशीन घेतलं. लग्न झालं, दोन मुली झाल्या. गेल्या अडतीस वर्षांत या भागातल्या किती दवाखान्यांच्या, शाळांच्या, घरांच्या फरशा त्यानं केल्या असतील याला मोजदाद नाही. नवी फरशी झाली की मालक येण्याआधी एक गिरकी, खुबा बिघडेपर्यंत. भावाभावांत पुढे सगळं सुरळीत होतं. हे गेले त्या आजारात त्यानं ह्यांना उचलून आंघोळ घातली. फक्त नाचाचा विषय दोघांनी कधी काढला नाही. ह्यांना जाऊन नऊ वर्षं झाली.

माझी नात मला हल्ली मोबाइलवर नवे नाचाचे सिनेमे दाखवते. आता ते पावसात नाचतात, गच्चीवरून उड्या मारतात, जमीन आरशासारखी चकचकीत. भिंगरीला दाखवला तर तो पायाखालची फरशी बघत बसला. म्हणाला, “ओल्यावर एवढी पकड? खोटी फरशी आहे.” त्यांतला हॉल अजून पाडायला काढलेला असतो. वडील अजून मागच्या दारानं येतात.

आज दुपारी काम संपल्यावर त्यानं मशीन बंद केलं. खोली ओली, चकचकीत, दारापर्यंत उजेड पसरलेला. तो उंबऱ्यावर एक पाय लांब करून बसला आणि मी चहा दिला. फरशीकडे बघून म्हणाला, “दादानं एकदा तरी बघायला हवं होतं, वहिनी. हरताना का होईना.”

“पण तू सगळं सांगितलं होतंस ना त्यांना.”

“मी? काय?”

“मध्ये थांबायचं. उठताना गुडघ्याला हात.”

“मी एक अक्षर बोललो नव्हतो. महिनाभर तुमच्याकडून वाट्या सरकवून घेत होतो, विसरलात?”

“मग त्या तिघांपैकी कोणीतरी.”

“ते दादाला बघून रस्ता बदलायचे.” त्यानं कप खाली ठेवला. “थांबा. गुडघ्याचं कधी म्हणाला तो?”

“स्पर्धेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी.”

“स्पर्धेत मी गुडघ्याला हात लावलाच नाही. शुक्रवारच्या तालमीपर्यंत लावायचो. शनिवारी लंबूनं माझे हात मागे बांधून ती सवय मोडली.”

मग तो हळू म्हणाला, “हॉलच्या गल्लीकडच्या दारासमोर एक झाकण होतं, लोखंडी.”

“तीन नंबर,” मी म्हटलं. “आपलाच व्हॉल्व्ह.”

मी आत गेले. डायऱ्या वर्षांच्या क्रमानं लावलेल्या असतात, शोधावं लागत नाही. १९८७ घेऊन आले, चष्मा लावला आणि फक्त पाण्याच्या नोंदी वाचायला लागले.

“सोमवार, ५ ऑक्टोबर. सहा ते पावणेसात. मंगळवार, सहा तारीख. सहा ते सात दहा. बुधवार, सहा ते पावणेसात. गुरुवार, सहा ते पावणेसात. शुक्रवार, नऊ तारीख. सहा ते सात पाच.”

“पुढे.”

पुढेही तसंच. मंगळवार, शुक्रवार, मंगळवार, शुक्रवार. त्या दोन दिवशी मी चादरी धुवायला काढायची, तेही लिहिलं होतं. एकदा ह्यांना विचारल्याचीही नोंद होती, की मंगळवारी पाणी जास्त कसं, तर हे म्हणाले, दाब जास्त असतो. अडतीस वर्षं हे माझ्या कपाटात होतं, माझ्याच अक्षरात, आणि मला दिसलं नव्हतं.

“मंगळवार, १७ नोव्हेंबर,” मी वाचलं. “सहा ते साडेसात. पिंप वाहून गेलं. मोरीत पाणी.”

“त्या दिवशी आम्ही सगळा नाच दोनदा केला,” भिंगरी म्हणाला. “लंबूला दुसऱ्यांदा करायचा नव्हता. मीच म्हटलं, कर.” मग त्याचा आवाज चढला. “आणि रविवारी काय झालं होतं त्याला? रविवारी यायला काय झालं होतं?”

मी पान उलटलं. “रविवार, २२. सहा ते पावणेसात.”

त्या रविवारी आम्ही शाळेच्या सभागृहात असताना, हे त्या गल्लीत, रिकाम्या बंद हॉलसमोर किल्ली घेऊन उभे होते. मी घरी नव्हते, तरी वेळ लिहिली होती. शेजारणीला विचारून लिहिली असणार.

“बावळट,” भिंगरी म्हणाला. “एक दिवस पाऊण तास उशीर झाला असता तर काय गल्ली तहानेनं मेली असती?”

“त्यांना तसंच वाटायचं.”

“आणि मंगळवारी-शुक्रवारी पंचवीस मिनिटं जास्त सोडताना? तेव्हा खात्याचं पाणी नव्हतं ते?” असं म्हणून तो हसायला लागला, आणि हसता हसता त्याला बाहीनं नाक पुसावं लागलं. “दीड महिना बघत होता, वहिनी. आणि मला काय सांगितलं त्यानं? गुडघ्याला हात लावू नकोस. तेही तुमच्याकडे.”

“टपाल माझ्याकडेच असायचं.”

“तुम्ही पोचवलं नाहीत.”

“नाही पोचवलं,” मी म्हटलं.

तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. मशीन घेणारा माणूस आला होता. भिंगरी उठायला लागला. खुब्यामुळे त्याला गुडघ्यावर हात दाबूनच उठावं लागतं. हात गुडघ्यावर गेला, तिथे क्षणभर थांबला, मग त्यानं तो काढला आणि दाराची चौकट धरून, दात आवळून, उभा राहिला. मी मदतीला गेले नाही. मशीन टेम्पोत चढवून दिलं, दगडांचा डबाही दिला, कोणता दगड कधी लावायचा ते त्या माणसाला दोनदा सांगितलं. जाताना मला म्हणाला, “ते १७ नोव्हेंबरचं पान झेरॉक्स काढून द्या. आणि आज खोलीत कोणी जाऊ नका.”

डायरीच्या नोंदीत एक ओळ राहिली होती, ती आता लिहिली. पाणी सहाला आलं, पावणेसातला गेलं. दोन्ही पिंपं भरली.